सरस न घातलेली भिंत

आमच्या ह्यांना सगळी गल्ली हलकेराव म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, माणूस डोक्याने हलका असणार. तसं काही निघालं नाही. डोकं चांगलं जड आहे, एकदा एका जागी बसलं की पहारेनेही हलत नाही. हलका आहे तो हात. चुन्यात बुडवलेला कुंचा भिंतीवरून असा फिरतो की खाली उभ्या माणसाच्या डोक्यावर थेंब पडायचा नाही. मी साधा चहा ओतला तरी अर्धा बशीत सांडते. तरी छत्तीस वर्षं आमचं जमलंय.

त्यांचं काम चुना लावायचं. लोकांची घरं करतात, गोदामं करतात, पण त्यांच्या लेखी खरं काम एकच, ते म्हणजे जुनं कॅथलिक चर्च. पणजोबांपासून चार पिढ्या आमच्या घराने ते दर वर्षी आतून पांढरं केलं. लोक थट्टा करतात की देवालाही चुना लावणारं घराणं हे एकच. करू देत. त्यांच्यापैकी एकाला तरी नऊ पुरुष उंच बांबूच्या परांचीवर उभं राहून एक हात सोडून दाखवायला सांगा, मग बोलू.

लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात हे मला फिरायला म्हणून तिथेच घेऊन गेले. नव्या नवरीला कुठे न्यायचं याचीही एक समज असते, पण असो. बाहेरून मला ते काही विशेष वाटलं नाही. काळा दगड, एका अंगाला घंटेचा मनोरा, दुसरा मनोरा बांधायचा राहूनच गेलेला, एक कान तुटलेल्या पातेल्यासारखं ध्यान. मग ह्यांनी दार ढकललं आणि मी बोलता बोलता गप्प झाले. माझ्या बाबतीत ही गोष्ट फार क्वचित घडते.

आत मध्ये एकही खांब नव्हता. केवढी ती जागा, आणि वर दगडाचं छत, पालथ्या घातलेल्या होडीसारखं. तीनशे वर्षं ते तसंच होतं. भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात माझी आई आडवी झोपली असती, आणि माझी आई काही बारीक नव्हती. समोर वेदीच्या मागे जमिनीपासून छतापर्यंत नुसतं लाकडी कोरीवकाम. त्यावर सोन्याचा वर्ख, वेली, कणसं, पंख पसरलेले देवदूत, त्यांतल्या एकाचं नाक उडालेलं. पश्चिमेच्या गोल खिडकीतून रंगीत ऊन येऊन फरशीतल्या जुन्या थडग्यांवर पडलं होतं. त्यांच्यावरची अक्षरं लोकांच्या पायांनी झिजून गेलेली. मला चप्पल कुठे ठेवावी तेच कळेना.

परांची लागलेली होती. हे म्हणाले, चल वर. मी घाबरत, त्यांना मनात शिव्या देत, एकेक बांबू धरत गेले. वर पोचल्यावर त्यांनी छताच्या दगडावर बोटाची पेरं वाजवली आणि मला कान लावायला सांगितलं. आतून मडक्यासारखा खणखणीत आवाज आला. मधे लोखंड नाही, तुळई नाही, दगड नुसते एकमेकांना रेलून उभे आहेत. मग त्यांनी मला देवदूतांची पाठ दाखवली. खालून कुणालाही, कधीही दिसणार नाही अशी ती बाजू, भिंतीकडची. तिथेही त्या सुताराने पंखातलं पीस न् पीस कोरलं होतं, पिसाच्या मधली काडीसुद्धा. मी विचारलं, हे कुणासाठी केलं? हे म्हणाले, त्याने कुठे लिहून ठेवलेलं नाही. मला रडूच आलं. आपण घरात पाहुणे येणार म्हणून पुढची खोली तेवढी आवरणारे लोक.

त्या दिवशी मला कळलं की ह्या माणसाचं ह्या इमारतीशी काय नातं आहे. कुठला दगड पावसाळ्यात घाम काढतो, कुठल्या कमानीला केसाएवढी चीर आहे, सगळं त्यांना तोंडपाठ. माझा वाढदिवस मात्र आजतागायत लक्षात नाही.

कामाचे त्यांचे नियम होते, सासऱ्यांकडून आलेले. चुना महिनाभर पाण्यात विरलेला हवा. पांढरेपणा उठावा म्हणून चिमूटभर नीळ घालायची. भिंतीला धरून राहावा म्हणून सरस घालायचा, तोच तो सुतार लावतात तो, हाडा-कातड्याचा, शिजवताना घरभर घाण सुटते तो. पण उत्तरेच्या भिंतीला सरस नाही. नुसता चुना आणि पाणी, आणि हात अगदी हलका. का, म्हणून विचारलं तर सासरे म्हणत, त्या भिंतीला ओल आहे, सरस घातला की पोपडे येतात. त्यांना त्यांच्या वडिलांनी तेच सांगितलं होतं.

आता सरस नसला की चुना अंगाला लागतो. मिस्सेला, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेला, गर्दी झाली की लोक उत्तरेच्या भिंतीला टेकून उभे राहायचे आणि पाठ पांढरी करून बाहेर पडायचे. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. कुणी काही म्हणायचं नाही, दारात उभं राहून एकमेकांची पाठ झटकायची आणि घरी जायचं. पण चार वर्षांपूर्वी माझ्या जावेने, दिरांनी चुन्याचं काम कधीच सोडलेलं, नवे काळे रेशमी कपडे शिवले, नेमकी त्या भिंतीला टेकली, आणि मग अख्ख्या गर्दीत मला ऐकवलं की एवढ्या पिढ्या चुना लावताय, अजून टिकाऊ लावता येत नाही का. माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. घरी येऊन मी ह्यांच्यामागे भुणभुण लावली. एक दिवस नाही, पुढच्या रंगकामापर्यंत रोज. म्हटलं, ओल-बिल काही नाही, मी हात लावून पाहिलाय, कोरडी ठणठणीत भिंत आहे. लोक टेकतात तेवढ्या भागाला तरी घाला. खांद्याच्या उंचीपर्यंत.

शेवटी त्यांनी ऐकलं. सरस मी माझ्या चुलीवर शिजवला, माझ्या चांगल्या पातेल्यात. पातेलं कायमचं गेलं. तळाला पिवळा थर बसला तो निघालाच नाही, मग मी ते माळ्यावर टाकलं. त्या वर्षी कुणाची पाठ पांढरी झाली नाही. दुसऱ्या वर्षीही घातला. मी जावेकडे बघून हसत होते, देव मला क्षमा करो.

तिसऱ्या वर्षी, एका साध्या मंगळवारी, फरशी पुसणाऱ्या बाईला उत्तरेच्या भिंतीखाली चुन्याचा एक तुकडा पडलेला दिसला. ताटाएवढा, कडा वळलेल्या, वाळलेल्या सायीसारखा. सरसाने वरचा थर आवळला होता आणि खालचे सगळे थर घेऊन तो सुटून आला होता. भिंतीवर त्या जागी एक पाऊल होतं. माणसाचं पाऊल, रंगवलेलं, आणि त्याच्याखाली ते धरलेला हात. अंगठा निम्मा गेला होता, पण बाकी बोटांची नखंसुद्धा दिसत होती.

हे काम टाकून धावत गेले, मागून मी. भिंतीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, ह्यात नस काढलीय." खरंच, घोट्याजवळ निळसर नस होती.  काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं सगळा गाव इतकी वर्षं त्या पावलाला पाठ लावून उभा होता.

मग फादरांनी जुन्या वह्या काढल्या. त्याला शंभराला दोन-तीन वर्षं कमी असतील, एक मोठी साथ आली होती, घरटी माणूस गेलं होतं. रोग मरतो म्हणून सगळीकडे चुना मारायचा हुकूम निघाला आणि चर्चही आतून पांढरं केलं गेलं, आणि खालचं चित्र आठवणारी माणसं हळूहळू संपली. चुना लावणारा कोण, ते सांगायला नको. झालं. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? ह्यांच्याच घराने देव झाकला, आणि झाकून वर दर वर्षी थर चढवत बसले, असं बोलणं सुरू झालं. हे रोज संध्याकाळी जाऊन त्या पावलासमोर बसायचे.

दोन महिन्यांनी शहरातून एक बाई आली. जुनी चित्रं वाचवायचं तिचं काम. आमच्या मुलीच्या वयाची, डोक्याला दिवा बांधलेली, खिशात नुसते कापसाचे बोळे. मी तिला चित्रबाई म्हणायला लागले आणि तेच नाव पडलं. तिने वरून सुरुवात केली. तिच्या हातात एक पातळ पातं आणि मऊ ब्रश. तिथला चुना बिनसरसाचा, तो असा सुटून यायला लागला की तिलाच विश्वास बसेना. एकेक डोकं बाहेर आलं. एक म्हातारा, एक कोवळा पोरगा, एक दाढीवाला, तोंड असं की नको नको म्हणतोय. बारा जण बाकावर ओळीने बसलेले. सगळ्यांचे डोळे खाली, एकाच जागी. चित्रबाई म्हणाली की हे प्रभू आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतात ते चित्र आहे, सव्वादोनशे वर्षांपूर्वीचं, ओल्या गिलाव्यावर रंगवलेलं, म्हणून रंग गिलाव्याच्या आत मुरलाय. आणि मग ती म्हणाली की मुख्य चेहरा अजून यायचाय. पाय धुणारा गुडघ्यावर बसलेला आहे, म्हणून त्याचं तोंड सगळ्यात खाली असणार. तिने हाताने जागा दाखवली. खांद्याच्या खाली.

सरस आम्ही नेमका तेवढ्याच भागाला घातला होता. मी ह्यांच्याकडे पाहिलं, हे फरशीकडे पाहत होते.

कोपऱ्यात तिने चुन्याला छोट्या पायऱ्या पाडल्या होत्या, एकेक थर दिसावा म्हणून. भिंगातून ह्यांना दाखवलं. हे वाकून पाहत राहिले आणि मग बोट ठेवून म्हणाले, ही निळी रेघ आमच्या लग्नाच्या वर्षाची, त्या वर्षी माझं लक्ष नव्हतं, नीळ जास्त पडली. मी पाहिलं. केसाएवढी निळी रेघ, वर चुना, खाली चुना. आयुष्यात ह्यांनी मला गोड म्हणून जे काही सांगितलं त्यात हे पहिलं, तेही परक्या बाईला सांगितलं. मी लाजले, साठीला टेकलेली बाई.

तेवढ्यात तिने विचारलं, "काका, हे सगळ्यात वरचे दोन थर चमकतात. ह्यात काय घातलंय?"

"काही नाही," हे म्हणाले. "नेहमीचाच चुना."

ती म्हणाली, तुकडा तपासायला पाठवला तर महिना जाईल, पण तुम्ही सांगताय तर कशाला पाठवू, तुमच्याइतकी ही भिंत कुणाला माहीत आहे. मग वरच्यासारखंच कोरडं काढते, सोमवारी चेहऱ्याला हात घालू. असं म्हणून तिने वहीत लिहूनसुद्धा टाकलं.

त्या रात्री हे जेवले नाहीत. मी म्हटलं, अहो, ताटाएवढा तुकडा पडला तेव्हा अर्धा अंगठा घेऊन गेला, ते विसरलात का? तो सरस आहे, खालचं सगळं रंगापर्यंत आवळून बसलाय. तिने पातं लावलं तर तोंड सोलून निघेल. त्यांना हे माझ्याहून जास्त कळत होतं, तरी मूग गिळून बसले. अंथरुणावर पडल्यावर बोलले. "लोक म्हणतात माझ्या घराने झाकलं. ते मी सोसतो. पण घराने एक गोष्ट सांभाळायला सांगितली होती, आणि ती चौथ्या पिढीत मी मोडली. ते कुठल्या तोंडाने सांगू?"

मी म्हटलं, मी सांगते, भुणभुण माझी होती, सरस मी शिजवला. ते म्हणाले, कुंचा माझ्या हातात होता. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. रविवार असाच गेला. मिस्सेत मी हात जोडले, पण डोळे त्या भिंतीवर. अकरा माणसं आणि एक कोवळा पोरगा मिळून खाली पाहत होते, आणि खाली पांढरी भिंत. एवढे सगळे ज्याच्याकडे बघतायत तो माझ्या पातेल्यातल्या सरसाखाली होता. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

सोमवारी मला जाग आली तर हे उठून गेलेले. मी स्टूल लावून माळ्यावरून ते पातेलं काढलं, काखेत मारलं आणि निघाले. वाटेत दोघींनी विचारलं, पातेलं घेऊन कुठे? म्हटलं, देवाला जेवायला वाढायला.

आत पोचले तर चित्रबाईच्या हातात पातं होतं आणि हे तिच्या शेजारी उभे, तोंडाला कुलूप. पातं आणि भिंत यांच्यात वीतभर अंतर असेल. माझी पावलं वाजली म्हणून ह्यांनी मागे वळून पाहिलं. आधी मला, मग पातेल्याला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी पुढे होऊन ते माझ्या हातातून घेतलं आणि तिच्यासमोर धरलं.

"बाई, थांबा. वरच्या दोन थरांत सरस आहे. मी घातला. परवा मी तुमच्याशी खोटं बोललो."

मी मागून म्हटलं, मी शिजवला. पण ते कुणी ऐकलं नाही.

चित्रबाईने पातं खाली ठेवलं.  तळाचा पिवळा थर तिने नखाने टोकरला, वास घेतला, थर्मासमधलं गरम पाणी त्यावर ओतलं आणि बोटाने दाबून पाहिलं. थोड्या वेळाने तो चिकट झाला. ती म्हणाली, कातड्याचा सरस गरम पाण्याला ऐकतो, गिलाव्यातल्या रंगाला त्याने काही होत नाही. कोरडं काढलं असतं तर चेहरा पात्याबरोबर आला असता. एवढंच बोलली, मनाला लागेल असा एक शब्दही नाही. दोन शब्द सुनावले असते तर ह्यांना बरं वाटलं असतं. हे बाकावर जाऊन बसले.

"काका, बसू नका," ती म्हणाली. "ह्याला हलका हात लागतो."

नऊ दिवस दोघांनी मिळून ते काम केलं. पातळ कागद भिंतीवर लावायचा, त्यावर गरम पाण्याचा फडका, आणि तो तळहाताने धरून ठेवायचा. दाबायचा नाही, नुसता धरायचा. सरस मऊ पडला की तो कागदाला चिकटायचा आणि मग कागद कडेने उचलला की खालचा चुना त्याच्याबरोबर सुटून यायचा. एका वेळी तळहाताएवढी जागा. फडके गरम करायला मी. आधी घंगाळ निघालं, त्यातलं पाणी, पाण्यात बाकावरच्यांच्या पायांचं उलटं प्रतिबिंब. कंबरेला गुंडाळलेला टॉवेल. दोन हात, कामकऱ्याचे, नखं झिजलेली.

त्यातच सहाव्या दिवशी चित्रबाई थांबली आणि म्हणाली की सगळ्यात खालचा थर चुन्याचा नाही. शुद्ध खडू आहे, चित्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, चित्राबाहेर एक बोटही नाही. खडू भिंतीला धरत नाही, म्हणून चुन्याखाली तो कुणी कधी लावत नाही. म्हणजे कुणीतरी हे पुढे कधीतरी सहज निघावं म्हणून मुद्दाम केलंय, ती म्हणाली.

हे फादरांच्या खोलीत गेले आणि साथीच्या वर्षाची ती वही पुन्हा वाचून घेतली. दोन पानं पुढे मेलेल्यांची यादी होती. त्यात चुना लावणारा, म्हणजे आमचे पणजोबा, चर्चचं काम संपल्यावर अकराव्या दिवशी साथीत गेलेले. मुलाला सांगायला वेळ मिळाला तो एवढाच, त्या भिंतीला सरस नाही आणि हात हलका. का, ते राहूनच गेलं. मुलाने आपल्या बुद्धीने ओलीची गोष्ट जोडली आणि तीन पिढ्या कारण नसताना ते पाळत आल्या. लोक म्हणत होते ह्यांच्या घराने झाकलं. झाकलंच होतं. जिवाच्या माणसावर पांघरूण घालतात तसं.

नवव्या दिवशी दुपारी चेहऱ्यावरचा शेवटचा कागद होता. चित्रबाईने तो ह्यांना उचलायला सांगितला. ह्यांनी कडा धरली आणि श्वास रोखून उचलत गेले. कपाळ, भुवई, मिटल्यासारखे खाली वळलेले डोळे, गालावर पाण्याचा एक शिंतोडा. तो देवासारखा दिसत नव्हता. काम करणाऱ्या माणसासारखा दिसत होता, समोरच्याचा पाय दुखू नये म्हणून जपून धरणारा. एवढा शांत चेहरा मी पाहिला नव्हता आणि पुढे पाहीन असं वाटत नाही. उभं राहून तो नीट दिसतच नाही. फादर खाली बसले, चित्रबाई बसली, मी बसले. ह्यांचे गुडघे गेलेत, तरी हे गुडघ्यावर आले.

 मग हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "अगं, पणजोबांनी खडू लावताना हे तोंड सगळ्यात शेवटी झाकलं असणार."

मी म्हटलं, "हो."

"मग त्यांच्यानंतर पहिला मीच."

आणि रडले. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा, फादरांसमोर, तोंड न झाकता. मीही रडले, पण माझं काय, मी उठसूट रडते.

नंतर त्यांना उठता येईना. मी हात दिला, त्यांनी माझा दंड धरला आणि कण्हत उभे राहिले. चेहरा निघणार म्हणून मी त्या दिवशी काळे कपडे घातले होते, चांगले, रेशमी. दारात जाऊ उभी होती, बातमी ऐकून आली असेल. तिने माझ्या बाहीवर उठलेली पाच पांढरी बोटं पाहिली आणि झटकायला हात पुढे केला. मी म्हटलं, राहू दे.